उसनी जीभ

ट्रॉम्बेच्या डोंगरास जुन्या इंग्रज खलाशांनीं ‘बैलाची जीभ’ असें नांव ठेवलें होतें. मुंबई बंदरांत शिरतांना हा हजारएक फूट उंचीचा लांबट डोंगर त्यांना तसा दिसला, आणि त्यांच्या नकाशांत तो त्याच नांवानें उतरला. गांवाचें नांव तुर्भें. तें त्यांच्या तोंडीं ट्रॉम्बे झालें, आणि पुढें आमच्याही तोंडीं तेंच बसलें. आपल्याच गांवाचें नांव दुसऱ्याच्या जिभेनें उच्चारण्याची ही जी संवय आम्हांस जडली आहे, तिचा प्रत्यय आज एका अगदीं निराळ्या ठिकाणीं येत आहे. त्याविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिण्याचें योजिलें आहे.

अलीकडे ट्रॉम्बे-चेंबूरच्या बाजूस चिनी भाषेच्या वर्गांच्या जाहिराती माझ्या दृष्टीस पडूं लागल्या आहेत. ‘तीस तासांत व्यापारी मँडरिन’ अशा धर्तीच्या या जाहिराती असतात. त्यांचें कारण दूर शोधावयास नको. ट्रॉम्बेच्या पाण्यापलीकडे न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं नवें बंदर सुरू झालें. २०२४ च्या जानेवारींत शिवडीहून तिकडे जाणारा जवळजवळ बावीस किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला. या बंदरांत उतरणाऱ्या पेट्यांपैकीं कित्येकींवर चिनी अक्षरें असतात. रसायनें, औषधांचा कच्चा माल, यंत्रांचे सुटे भाग, विजेचीं उपकरणें, यांवर ज्यांचा कारखाना वा दुकान चालतें अशा माणसांस त्या अक्षरांचें कुतूहल वाटावें, त्यांच्या मुलांनीं ती भाषा शिकावयास निघावें, यांत नवल नाहीं. नवल आहे तें दुसरेंच. या शिकण्यास विरोध करणारे दोन पक्ष आमच्यांत आहेत, ते दोन्ही चुकीचे आहेत. आणि जे शिकतात त्यांची शिकण्याची तऱ्हा त्या दोन्ही पक्षांहूनही अधिक चुकीची आहे, असें माझें मत आहे.

पहिला पक्ष देशाभिमान्यांचा. २०२० सालच्या जूनमध्यें गलवानच्या खोऱ्यांत आपले वीस सैनिक धारातीर्थीं पडले. तेव्हांपासून ‘शत्रूची भाषा कशाला?’ असा प्रश्न मोठ्या आवेशानें विचारला जातो. त्याच वर्षींच्या जुलैमध्यें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झालें. शाळांत शिकवावयाच्या परकीय भाषांचीं जीं उदाहरणें त्यांत दिलीं आहेत, त्यांत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन या भाषा आहेत. २०१९ च्या मसुद्यांत असलेली चिनी मात्र गळाली. बरें, भाषा गळाली तसा माल गळाला काय? २०२०-२१ या वर्षीं आपण चीनकडून सुमारें ६५ अब्ज डॉलरांचा माल आणला. २०२४-२५ मध्यें सुमारें ११३ अब्जांचा. आपण त्यांना विकला तो अवघा १४ अब्जांच्या आसपास. म्हणजे ज्याच्याशीं बोलावयाचें नाहीं असें ठरलें, त्याच्याच दुकानीं आपली उधळपट्टी दुपटीच्या जवळ गेली! मुकाट्यानें पैसे मोजणें यास कोणी स्वाभिमान म्हणत असेल तर म्हणो. बाजारांत त्यास गरजवंताचें मौन म्हणतात.

शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करविला तो कारभारांतील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीं. परंतु तो कोश रचणारांस फारसी येत होती म्हणूनच तो रचतां आला, ही साधी गोष्ट आपण विसरतों. पुढें ज्या पिढीनें इंग्रजीस वाघिणीचें दूध म्हटलें, तिनेंच इंग्रजी राज्यावर सर्वांत कडक लेख लिहिले. प्रतिपक्षाची भाषा न शिकण्यांत देशभक्ति असती, तर आमचे सर्व थोर देशभक्त निरक्षर निघाले असते.

दुसरा पक्ष व्यवहारचतुरांचा. ‘इंग्रजी आहे, दुभाषी आहेत, आणि आतां तर खिशांतला फोन भाषांतर करतो, मग हा खटाटोप कशाला?’ असें त्यांचें म्हणणें. या पक्षास मुंबईचाच इतिहास ऐकवला पाहिजे. १७५९ सालीं फ्लिंट नांवाच्या एका इंग्रजानें चिनी भाषा शिकून थेट बादशहाच्या दरबारापर्यंत तक्रार नेली. परिणाम काय झाला? फ्लिंटास मकाव येथें तीन वर्षें कैद, आणि त्यास मदत करणाऱ्या चिनी शिक्षकाचा शिरच्छेद! तेथून पुढें परकीयांस चिनी शिकविणें हा कँटनमध्यें गुन्हा ठरला. ज्या राज्यकर्त्यांनीं भाषा शिकविण्यास देहान्ताची शिक्षा दिली, त्यांस भाषेचें मोल आमच्या व्यवहारचतुरांहून जास्त कळत होतें. जमशेटजी जीजीभाई १७९९ पासून ज्या चीनच्या सफरी करूं लागले, त्या काळचा मुंबईचा कापसाचा आणि (लपविण्यांत अर्थ नाहीं) अफूचाही व्यापार या बंदीखालींच चालला. देवघेव होई ती सरकारमान्य दुभाष्यांच्या आणि ‘पिजिन’ नांवाच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीच्या द्वारें. त्या धंद्यांत मुंबईस पैसा पुष्कळ मिळाला. परंतु ज्या देशाच्या पैशावर येथें वाडे उभे राहिले, त्या देशाचें ज्ञान मात्र आमच्या वाट्यास आलें नाहीं. तेव्हां बंदी त्यांची होती. आज बंदी कोणाची आहे?

आणि इंग्रजीनें व्यवहार भागतो हें तरी कितपत खरें आहे? माझा एक जुना विद्यार्थी या बाजूच्या एका लहान कारखान्यांत खरेदीचें काम पाहतो. एकदां चीनहून आलेला करार घेऊन तो माझ्याकडे आला. करार दोन भाषांत होता, आणि इंग्रजी प्रतीच्या शेवटीं बारीक टाइपांत एक कलम होतें : दोन प्रतींत भेद पडल्यास चिनी प्रत प्रमाण मानावी. मालकांनीं इंग्रजी प्रत काळजीपूर्वक वाचून सही केली होती. म्हणजे जी प्रत प्रमाण नाहीं तीच वाचली होती. पुढें मालाच्या प्रतीवरून वाद निघाला, तेव्हां आपण कशावर सही केली हें विचारावयास त्यांना दुभाषी शोधावा लागला. मुलगा मला म्हणाला, ‘‘सर, आम्हीं सही केली ती अंगठा उठवल्यासारखीच.’’ सावकाराच्या वहीवर अंगठा उठविणाऱ्या कुळाच्या अज्ञानाविषयीं आपण किती कळवळून लिहिलें आहे! येथें अंगठ्याच्या जागीं झोंकदार इंग्रजी सही आहे, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट नांवाची. चीनमध्यें कंपनीचें कायदेशीर नांव म्हणजे तिचें चिनी अक्षरांतील नांव. पत्रावर झळकणारें इंग्रजी नांव ही बहुधा सोयीसाठीं घेतलेली पाटी असते. तेंच इंग्रजी नांव उद्यां आणखी कोणी लावलें तरी त्यावरून माणूस सांपडत नाहीं. करारावर सहीपेक्षां महत्त्व कंपनीच्या तांबड्या गोल शिक्क्यास असतें. परवान्यावर अठरा अंकाक्षरांचा एक नोंदणीक्रमांक असतो. शिक्क्यावरचें नांव, परवान्यावरचें नांव आणि बँकेच्या खात्याचें नांव हीं तिन्ही अक्षरशः एकच आहेत कीं नाहींत, एवढें ताडून पाहण्यास पांडित्य लागत नाहीं. शें-दीडशें अक्षरांशीं ओळख असली तरी पुरे. फोन भाषांतर करतो हें खरें. जेवणाची यादी वा रस्त्याची पाटी वाचण्यास तो उपयोगी आहे, हें मी मोकळेपणानें मान्य करतों. परंतु फोन त्याच्यापुढें धरलेल्या कागदाचें भाषांतर करतो. कोणता कागद पुढें धरावा, हें तो सांगत नाहीं. तें धरणाराला कळावें लागतें.

आतां तिसऱ्याकडे, म्हणजे जे शिकतात त्यांच्याकडे वळूं. माझा खरा वाद यांच्याशीं, किंबहुना यांना शिकविणारांशीं आहे. माझ्या पाहण्यांतले हे वर्ग इंग्रजींतून चालतात, पुस्तकें इंग्रजी असतात, आणि चिनी उच्चार रोमन लिपींतून शिकविले जातात. चिनी सरकारनें १९५८ सालीं प्रचारांत आणलेली ‘फीन-यीन’ ही रोमन लेखनपद्धति स्वतः वाईट नाहीं; पण ती इंग्रजी वाचनाच्या नियमांनीं वाचली कीं अनर्थ होतो. त्या पद्धतींत ‘बी’ हें अक्षर आपल्या ‘ब’साठीं नाहीं, ‘प’साठीं आहे, आणि ‘पी’ हें अक्षर ‘प’साठीं नसून ओठ मिटून उच्चारलेल्या, फणसांतल्या ‘फ’साठीं आहे. ‘डी’ म्हणजे ‘त’च्या जवळचा अल्पप्राण, ‘टी’ म्हणजे ‘थ’. ‘जी’ म्हणजे ‘क’, ‘के’ म्हणजे ‘ख’. म्हणजे चिनी भाषेंत भेद आहे तो अघोष-घोषांचा नसून अल्पप्राण-महाप्राणांचा आहे. हा भेद इंग्रजाच्या कानास ऐकूं येत नाहीं. त्यास तो वर्षभर घोटावा लागतो. मराठी मुलास तो पाळण्यांतच येतो! काका आणि खाका, ताट आणि थाट, पळ आणि फळ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला चिनी उच्चारांचें अर्धें दार उघडेंच आहे. आणि आम्ही काय करतों? तें उघडें दार लावून घेतों, आणि इंग्रजाच्या खिडकींतून आंत शिरण्याची धडपड करतों.

याची साक्ष आपल्या वृत्तपत्रांतच आहे. जुने लोक ‘पेकिंग’ लिहीत. आजचें वृत्तपत्र ‘बीजिंग’ लिहितें आणि आपण आधुनिक झालों असें मानतें. चिनी माणूस म्हणतो ‘पेइ-चिंग’. जुन्या शब्दाचा पहिला वर्ण तरी बरोबर होता. जुने लोक ‘माओ त्से-तुंग’ लिहीत. तें जवळजवळ बिनचूक होतें. आतां ‘झेडोंग’ आलें, आणि त्यांत ना ‘त्से’ राहिला ना ‘तुंग’. ‘जिनपिंग’ या नांवाचा खरा उच्चार ‘चिन-फिंग’च्या जवळ आहे. फार काय, ज्या भाषेचे हे वर्ग चालतात तिचें चिनी लोकांनीं ठेवलेलें नांव ‘फु-थुंग-ह्वा’, म्हणजे सर्वसामान्यांची बोली; तें आमचे विद्यार्थी ‘पुटोंगहुआ’ म्हणतात! आणि ‘मँडरिन’ हें जें भारदस्त नांव जाहिरातींवर झळकतें, तें तर चिनी नव्हेच. संस्कृत ‘मंत्रिन्’ मलायी भाषेंत ‘मंतेरी’ झाला, पोर्तुगीजांनीं त्याचा ‘मांदारीं’ केला, इंग्रजांनीं ‘मँडरिन’ केला. आमचाच मंत्री तीन घरचें पाणी पिऊन परत आला, तरी आम्हीं त्यास ओळखलें नाहीं. कारण तो साहेबाच्या पोषाखांत आला.

मराठीची आणखी एक देणगी पहा. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दांत दोन निराळे ‘च’ आहेत : पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. हिंदी माणसास हा दुसरा ‘च’ शिकावा लागतो. चिनी भाषेंत हे दोन्ही ‘च’ आहेत, आणि त्यांच्या भेदानें अर्थ बदलतो. ‘मद्य’ यासाठीं जो शब्द आहे त्यांत चिंचेचा पहिला ‘च’, आणि ‘चालणें’ यासाठीं जो शब्द आहे त्यांत दुसरा! अर्थात् सर्वच कांही आपल्या पदरांत नाहीं. जीभ ‘ट’च्या ठिकाणीं वळवून म्हणावयाचा एक तिसरा ‘च’ चिनींत आहे, दंततालव्य ‘छ’ आहे, आणि ओठ ‘ऊ’सारखे करून ‘ई’ म्हणावयाचा एक स्वर आहे. हे आपल्यालाही घोटावे लागतील. परंतु जें येतें त्याच्या आधारानें जें येत नाहीं तें शिकावें, हाच शिक्षणाचा राजमार्ग आहे.

राहिला प्रश्न सुरांचा, ज्याची धास्ती फार घातली जाते. चिनी भाषेंत एकच वर्णसमूह चार सुरांत म्हटला तर चार शब्द होतात. व्यापाऱ्यानें तर याचें उदाहरण कपाळावर लिहून ठेवावें : ‘माइ’ हा शब्द खालच्या, वळणाऱ्या सुरांत म्हटला तर ‘विकत घेणें’, आणि वरून खालीं झटक्यानें आणला तर ‘विकणें’! लिहितांनाही घेण्याच्या अक्षराच्या डोक्यावर बेरजेसारखी एक खूण केली कीं विकण्याचें अक्षर होतें. घेणारा व विकणारा यांत एवढेंच अंतर आहे, आणि सारा व्यापार त्या अंतरांत आहे. पण सुरानें अर्थ बदलतो ही कल्पना आम्हांस नवी आहे काय? ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्रास मारण्यासाठीं केलेल्या यज्ञांत यजमानाचाच घात झाला, ही कथा पतंजलीच्या महाभाष्यापासून प्रत्येक वैदिकाच्या तोंडीं आहे. आणि वेद दूर राहोत. दारावर टकटक झाल्यावरचें ‘हो?’, कंटाळलेल्या मुलाचें ‘हो-ओ’ आणि रागावलेल्या वडिलांचें ‘हो!’ हे तीन सूर कोणत्या मराठी घरांत ऐकूं येत नाहींत? जो शिक्षक येथून आरंभ करील, त्याचा पहिला धडा तासाभरांत उरकेल.

हिशेबाचेंही तसेंच. चिनी माणूस मोजतो तो दहा हजारांच्या ‘वान’मध्यें आणि दहा कोटींच्या ‘यी’मध्यें. इंग्रजींतून शिकणारा मराठी व्यापारी लाखाचें मिलियन करतो आणि मिलियनचे वान. दोन पायऱ्यांत दोनदां चुकण्याची सोय! सरळ हिशेब असा : एक लाख म्हणजे दहा वान, एक कोटी म्हणजे हजार वान, दहा कोटी म्हणजे एक यी. मिलियनचें नांवही काढावयास नको. तसेंच, चिनी दुकानांत सुटीच्या पाटीवर आठाचा आंकडा दिसला तर आठ टक्के सूट नव्हे, ऐंशी टक्केही नव्हे. किंमतीचे दहांपैकीं आठ भाग द्यावयाचे, म्हणजे वीस टक्के सूट, असा त्याचा अर्थ. आणि चिनी व्यापारी ‘विचार करूं, विचार करूं’ असें दोनदां म्हणाला तर तो विचार करणार नाहीं, हें ओळखावें. आपल्याकडे मुलीच्या बापास ‘कळवतों’ म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. ‘छा-पु-तो’ म्हणजे ‘जवळजवळ तेंच’ हा शब्द कानीं पडला, कीं मालाचा नमुना पुन्हां तपासावा. हू-शृ या त्यांच्याच विद्वानानें या ‘जवळजवळ’ वृत्तीवर एक उपहासकथा लिहिली आहे. आपल्या ‘चालायचेंच’ या शब्दाशीं त्याचें नातें कोणासही कळेल.

तीस तासांत मात्र एवढेंच होईल, अधिक नाहीं, हेंही जाहिरातवाल्यांनीं सांगावें. २०१० च्या सुमारास ठरलेल्या चिनी सरकारी परीक्षेच्या पहिल्या पायरीस दीडशें शब्द पुरत आणि सहाव्या पायरीस पांच हजार लागत. २०२१ सालीं नवीं प्रमाणें आलीं, त्यांत पायऱ्या नऊ झाल्या आणि पहिल्याच पायरीस पांचशें शब्द आले. तीस तास शिकलेल्या मनुष्यानें चिनींत सौदा करूं नये, तो फसेल. त्यानें ऐकावें, ओळखावें, शिक्का व नांव ताडावें, आणि दुभाष्यास आपल्याला कांही कळतें एवढी जाणीव असूं द्यावी. नवशिक्याच्या ज्ञानाचा एवढाच उपयोग, पण तो थोडा नाहीं.

‘मराठी माणसास हें जमेल काय?’ असें विचारणारांस दोन नांवें सांगतों. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पु. वि. बापट यांनीं विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग या ग्रंथांची तुलना १९३७ सालीं प्रसिद्ध केली. त्यांतला पहिला ग्रंथ पूर्णरूपानें केवळ चिनी भाषांतरांत उरला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथील लोकांत राहून त्यांची भाषा शिकले, त्या भाषेंत विद्यार्थ्यांस शिकवूं लागले, आणि १९४२ च्या डिसेंबरांत वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच वारले. एकानें ग्रंथासाठीं भाषा शिकली, दुसऱ्यानें रुग्णासाठीं. आमच्या पिढीनें खरेदीसाठीं शिकावी यांत कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो ती अर्धवट आणि उसनी शिकण्यांत.

सातव्या शतकांत ह्युएन-त्सांग महाराष्ट्रांत आला तो आमच्या पंडितांची भाषा शिकून. पुलकेशीच्या काळच्या महाराष्ट्रीयांचा स्वभाव त्यानें वर्णिला आहे : उपकार न विसरणारे, अपमान न सोडणारे. हें वर्णन आपण अभिमानानें शाळेच्या पुस्तकांत घालतों. पण वाचतों तें मुख्यतः बील या इंग्रजाच्या १८८४ च्या भाषांतराच्या आधारानें. आमच्या पूर्वजांविषयीं चिनी माणूस काय म्हणाला, हें आम्हांस इंग्रजानें सांगितलें! उपकार न विसरणारांनीं बीलचे उपकार अवश्य स्मरावे. पण सव्वाशें वर्षांहून अधिक काळ तेच उपकार घेत राहणें शोभत नाहीं.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पन्नास पानांचें एक मराठी पुस्तक पाहिजे : देवनागरींत उच्चार, चिंचेच्या दोन ‘च’पासून आरंभ, लाख-कोटींचे वान, शिक्क्यावरचीं अक्षरें, कराराचीं नेहमींचीं कलमें. कान बसल्यावर रोमन पद्धतिही अवश्य शिकवावी. फोनवर चिनी अक्षरें उमटविण्यास ती लागते, आणि तिचा द्वेष करण्याचें कारण नाहीं. परंतु ती दुसऱ्या महिन्यांत, पहिल्या दिवशीं नव्हे. हें काम विद्यापीठानें करावें, तें न करील तर व्यापाऱ्यांच्या संघानें वर्गणी काढून करावें. एका आयातीच्या पेटीच्या भाड्याहून त्यास जास्त खर्च येणार नाहीं.

माझा तो विद्यार्थी आतां रविवारीं माझ्याकडे येतो. चिनी मलाही येत नाहीं; आम्ही दोघे एकाच बाकावर बसून शिकतों. पंचावन्नाव्या वर्षीं पुन्हां बाराखडीस बसण्याची लाज वाटत नाहीं. लाज वाटते ती एवढीच, कीं ‘पेइ-चिंग’ हा शब्द मराठींत इतक्या सहज लिहितां येत असतां तीस वर्षें मी वर्गांत ‘बीजिंग’ म्हणत आलों.